बोक्यांनी खाल्लेलं घर

मुलगी पसंत करायला मला वीस मिनिटं लागली होती. लेन्स पसंत करायला दोन वर्षं घातली आणि तरी ती होईना. ही तुलना माझी नाही, बायकोची आहे, आणि ती पाहुण्यांसमोर आवर्जून केली जाते.

मी पुण्यात दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि रविवारी मोकळ्या उजेडात नेऊन त्यांच्या मिटलेल्या तोंडांचे फोटो काढायचे, हा माझा छंद. अशा फोटोंसाठी खास लेन्स लागते, असं माझ्याहून वाईट फोटो काढणाऱ्या एका मित्राने डोक्यात भरवलं आणि मी पंच्याऐंशी मिलिमीटरची घ्यावी की एकशेपस्तीसची या विचारात अडकलो. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आकडा जितका मोठा तितकं माणसापासून लांब उभं राहायचं. दोन्हींचा मोठा गुण असा की चेहरा लख्ख येतो आणि मागचं सगळं विरघळतं. झाडं, पानं, दिवे यांचे नुसते मऊ गोल उरतात. या विरघळण्याला फोटोवाल्यांच्या जगात ‘बोके’ म्हणतात. शब्द जपानी आहे, मांजरांशी त्याचा संबंध नाही. हे मला पुढे एका अंगणात फार उशिरा सांगावं लागलं.

शेवटी बायको म्हणाली, दोन्ही भाड्याने आण, कुठे तरी चार दिवस जाऊन ये आणि येताना एकच नाव घेऊन ये. माझा कॉलेजातला मित्र गजानन याचा वाशीम जिल्ह्यात शेलूबाजारला दवाखाना आहे आणि तो वीस वर्षं मला बोलावत होता. दिवाळी संपताच मी निघालो. बॅगेत दोन भाड्याच्या लेन्स कापसात गुंडाळून ठेवल्या होत्या. तिसरी, कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स, जिला आमच्या फोटोमंडळात कुणी लेन्स म्हणतच नाही, ती बायकोने माझ्या एका मोज्यात घालून बॅगेत कोंबली होती. असू दे, म्हणाली, कुठे खायला मागते.

शेलूबाजार

बसचा प्रवास सांगत नाही. शेजारच्या गृहस्थांनी माझी कॅमेऱ्याची बॅग उशी म्हणून वापरली, एवढं पुरे.

गजाननचा दवाखाना पाहून मला माझ्या दवाखान्याची थोडी दया आली. माझ्याकडे पेशंट वेळ घेऊन येतात आणि एकमेकांकडे न बघता मोबाइल बघत बसतात. इथे पेशंट बाजाराची पिशवी घेऊन येतो, खुर्चीवरच्या माणसाच्या उघड्या तोंडात सगळे डोकावतात आणि कुठली दाढ काढावी यावर आपापलं मत देतात. गजानन ते ऐकून घेतो. कधीकधी मानतोही, असं त्याने मला नंतर कबूल केलं.

पहिला प्रयोग त्याच्यावरच केला. त्याला दवाखान्याच्या दाराशी उभं केलं आणि एकशेपस्तीसची लेन्स लावून मी रस्त्यापलीकडे गेलो. या लेन्सला फोटोवाला आणि माणूस यांच्यात बरीच जागा लागते आणि शेलूबाजारच्या हमरस्त्यावर जागा म्हणजे जीपगाड्यांची मिळकत. मी हात वर करून गजाननला डावीकडे सरकायला सांगितलं. जीप थांबली. आतल्या लोकांनी आणखी दाटीवाटी करून माझ्यासाठी चार बोटं जागा केली. मी माफी मागून ती पुढे पाठवली आणि गजाननला हनुवटी वर घे म्हणून हात केला. दुसरी जीप थांबली. तिसऱ्या जीपचा चालक मात्र खाली उतरला.

“जायचं नाई तं हात कायले दाखोता?” तो म्हणाला.

मी त्याला लेन्स दाखवली. त्याने ती निरखून पाहिली, मग मला निरखून पाहिलं आणि गजाननला विचारलं की हे पाहुणे दवाखान्यातले आहेत का, म्हणजे पेशंट. हात दाखवून अवलक्षण ही म्हण मी शाळेपासून ऐकत आलो होतो, पण ती इतकी तंतोतंत करून दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली. संध्याकाळी फोटो पाहिले तेव्हा गजानन एका फोटोत होता आणि जीपगाड्या बाकी सगळ्यांत. एकशेपस्तीसचा निकाल लागला. दोन वर्षांचा प्रश्न एका दुपारी सुटला याचा मला इतका आनंद झाला की रात्री जेवताना मी गजाननच्या घरच्यांना बोक्यांवर व्याख्यान दिलं. त्यांनी ते पाहुण्याचा मान म्हणून ऐकलं.

केनवड

दुसऱ्या दिवशी गजाननने मला केनवडला त्याच्या सुभद्रामावशीकडे नेलं. मावशीची भाजीची बाग आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर सगळं स्वतः पिकवते आणि बाजारात स्वतः बसून विकते. साठी उलटलेली, पण चालताना आम्ही दोघं डॉक्टर तिच्या मागे धापा टाकत होतो.

आधी जेवण झालं, कारण उपाशी माणसाला बाग दाखवायची पद्धत तिच्याकडे नाही. ज्वारीची भाकरी, वर तेलाचा तवंग असलेली वांग्याची भाजी, कढीत सोडलेले डाळीचे गोळे आणि ठेचा. ठेचा मी पुण्याच्या सवयीने घेतला, म्हणजे चमचाभर. डोळ्यांतून धारा लागल्या तेव्हा मावशीने दही पुढे केलं आणि तुमच्याकडे मिरच्या पिकत नाहीत का, असं मनापासून चौकशी करत विचारलं. मी मान हलवली. बोलण्याची सोय नव्हती.

उन्हं कलल्यावर तिला वांग्यांच्या सरीत उभं केलं. पंच्याऐंशीची लेन्स, अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडलेलं, बाजूने येणारा सोनेरी उजेड. फोटो असा आला की मी स्वतःलाच शाबासकी दिली. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी, आणि मागे नुसता हिरवा-जांभळा मऊपणा. मी कौतुकाच्या अपेक्षेने कॅमेरा तिच्यापुढे धरला.

“माह्यं तोंड तं सारं गाव रोजच पाह्यते,” मावशी म्हणाली. “वांगे कुठी गेले?”

मी समजावून सांगितलं की मागे गर्दी असली की पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावर ठरत नाही, म्हणून मागचं पुसायचं असतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“चार महिने मी वांग्याच्या मांगं धावली,” ती म्हणाली. “आज ते माह्या मांगं उभे हायेत, तं तू त्यायले पुसून टाकलं.”

गजानन हसला. मी मात्र रात्री वहीत लिहिलं, ‘ग्रामीण भागात फोटोची जाण अजून वेगळी आहे.’ हे वाक्य आज वाचताना मला स्वतःची दाढ भूल न देता काढावीशी वाटते. निघताना मावशीने वानोळा म्हणून पिशवीभर वांगी दिली. ती मी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवली आणि मोज्यातली लेन्स त्यांच्याखाली दबली.

मानोऱ्याजवळचा तांडा

तिसऱ्या दिवशी आम्ही मानोऱ्याच्या बाजूला एका तांड्यावर गेलो. गजाननचा जुना पेशंट वसराम तिथे राहतो. तो आणि त्याची बायको सुमन दर वर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, थेट आमच्या पुण्याच्या बाजूला, आणि उन्हाळ्यात परततात. या वर्षीचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा होता.

सुमनला फोटो हवा होता, आणि कसला हवा होता हे तिने अगदी स्पष्ट सांगितलं. अकरा वर्षं ऊस तोडून त्यांनी या उन्हाळ्यात घर पुरं केलं होतं. तीन खोल्या, पक्की भिंत, निळा दरवाजा. पाऊसभर राहून झालं आणि आता ते सोडून सहा महिने कोपीत राहायचं होतं. कोपी म्हणजे उसाच्या फडावर पाचट लावून बांधलेली झोपडी, वाकून आत शिरायची. टोळीतल्या बाया तिला चिडवत असत की तुझं घर तोंडातच आहे.

“आमी दोघं अन् मांगं घर,” सुमन म्हणाली. “कोपीत लावाले पाह्यजे. एवढं बांधलं अन् राहाले भेटत नाई. पाहाले तरी भेटन.”

मी हो म्हणालो. ऐकलं मात्र एवढंच, की दोघांचा फोटो हवा आहे.

सासू उंबऱ्यात बसली होती. सोनाबाई तिचं नाव. लाल लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या. मुलगा-सून गेल्यावर ती एकटी त्या घरात राहून दिवा लावणार होती. आमच्यासाठी तिथल्या पद्धतीचा बिनदुधाचा, गुळाचा चहा आला. पुण्यात मी बिनदुधाचा चहा तब्येतीसाठी कुरकुरत पितो. इथे दोन कप मागून प्यायलो.

मी डॉक्टर असल्याची बातमी माझ्याआधी पोचली होती. अंगणात दोघांना उभं करून “जरा हसा” म्हणालो, तर वसरामने जबडा उघडून खालच्या दुसऱ्या दाढेवर बोट ठेवलं. दाढ खरंच किडली होती. सवयीने मी डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली करून ती तपासली. ते पाहून सोनाबाईही उठून पदराने तोंड पुसत शेवटचे दोन दात दाखवायला आली. त्यात अर्धा तास गेला आणि हसू राहूनच गेलं.

मग मी पंच्याऐंशीची लेन्स चढवली. अंगण जरा आखूड आहे, अशी तक्रारही गजाननच्या कानात करून घेतली. नाचता येईना अंगण वाकडे हे तेव्हा आठवलं नाही. सुमन सारखी वळून घराकडे बघत होती, दरवाजा येतो ना, खिडकी येते ना, असं विचारत होती. मी म्हणालो, “घराची काळजी सोडा. मागे बोके फार छान येणार आहेत.”

वसरामने मागे वळून पाहिलं. सोनाबाईने हळूच दुधाचं पातेलं आत सरकवून त्यावर ताट झाकलं.

“आमच्याइथं बोके नाई येत, सायेब,” वसराम म्हणाला. “कुत्रा हाय ना.”

मी जपान, काच, प्रकाश असं सगळं समजावत बसलो. सुमनला ते पहिल्या वाक्यातच समजलं. तिने कमरेचा मोबाइल काढला, एक बटण दाबून माझाच फोटो घेतला आणि दाखवला. माझ्यामागचा बैल धुक्यात गेला होता. ज्या गोष्टीचा मी दोन वर्षं अभ्यास केला ती तिच्या कमरेला लटकत होती.

“मांगचं पुसायचं असन तं हे दाबायचं,” ती म्हणाली. “मी कधी दाबत नाई.”

हे ऐकूनही मी तोच फोटो काढला. याला काय म्हणावं ते वाचकांवर सोडतो. उन्हात पडद्यावर कुणाला नीट दिसेना, म्हणून मी चेहरे मोठे करून दाखवले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मानोऱ्याच्या एका स्टुडिओत फोटो चांगला हातभर मोठा काढून घेतला, त्यावर प्लॅस्टिक चढवलं आणि दिवेलागणीला तांड्यावर परत आलो. आता कौतुक होणार, अशा चेहऱ्याने मी तो सुमनच्या हातात ठेवला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे कलता केला.

“घर कुठी हाय?” तिने विचारलं.

मी निळ्या डागावर बोट ठेवून सांगितलं, हा दरवाजा.

“अन् माय?”

उंबऱ्यात बसलेली सोनाबाई फोटोत एक लाल ठिपका झाली होती. मी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. सोनाबाई स्वतः जवळ आली, वाकून त्यात स्वतःला शोधलं, मग सुनेकडे पाहून म्हणाली, “बोक्यायनं घर खाल्लं वं.”

वसराम हसला, गजानन हसला, मीही हसलो. सुमन हसली नाही. चेहरे चांगले आलेत, असं ती पाहुण्याला बोलावं तसं म्हणाली आणि फोटो आत नेऊन ठेवला. कुठे ठेवला ते दिसलं नाही, पण भिंतीला लावला नाही एवढं दिसलं. मला फार लाज वाटली. बाईने एकच वस्तू मागितली होती आणि मी नेमकी तीच पुसून, प्लॅस्टिक चढवून तिला दिली होती. उजेड गेला होता आणि ट्रक सकाळी सातला निघणार होता.

परतताना गाडीत गजानन म्हणाला, “तू दाढ काढताना बी असंच करतो काय बे? दुखते ते सोडून बाजूची?”

मानोरा चौक

चौथ्या दिवशी उजाडताच तांड्यावर पोचलो. ट्रकमध्ये बाजा उलट्या घालून ठेवल्या होत्या, त्यांत भांडी, वर गोधड्या, आणि गोधड्यांवर माणसं चढत होती. मी वांगी बाजूला सारून मोजा बाहेर काढला आणि त्यातली बिचारी लेन्स कॅमेऱ्याला लावली. सुमनला म्हणालो, आता तुम्ही सांगाल तसा काढतो.

तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, मग कामाला लागली. दरवाजा पूर्ण उघडला. खिडकीचा पडदा बाजूला केला. आतला दिवा लावला, वीज आहे हे दिसायला हवं म्हणून. सासूला उंबऱ्यात बसवलं, नवऱ्याला डावीकडे उभं केलं, स्वतः उजवीकडे उभी राहिली, दरवाजा दोघांच्या मधोमध येईल अशी. ऊन थेट तोंडावर येत होतं. असा फोटो काढू नये, डोळे बारीक होतात, सावल्या कडक पडतात, असं मी आमच्या मंडळात तीनदा तरी सांगितलं असेल. मागचंही लख्ख यावं म्हणून मी अपर्चर जेवढं लहान होईल तेवढं केलं आणि सगळं मावेपर्यंत मागे सरकत गेलो. छपराच्या पत्र्याचं टोक मावलं तेव्हा माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत उकिरड्यात होते. तिथूनच फोटो काढला.

ट्रकने हॉर्न दिला. गाडी आधी मानोऱ्याच्या चौकात थांबणार होती, तिथे आणखी एक जोडपं चढायचं होतं. आम्ही ट्रकच्या पुढे सुटलो. स्टुडिओ बंद होता. गजाननने स्टुडिओवाल्याला फोन लावून झोपेतून उठवलं आणि त्याची मागच्या महिन्यात अर्धी भरलेली दाढ अजून पूर्ण भरायची आहे, याची प्रेमाने आठवण करून दिली. तो बनियनवर शटर उघडायला आला. उकिरड्याचा वास घेऊन मी दुकानभर वावरलो, पण दाढेच्या भीतीने त्याने तोंडातून शब्द काढला नाही.

छापलेला फोटो अजून गरम होता तेव्हा ट्रक चौकातून हलायला लागला होता. मी धावलो. धावणं हा शब्द माझ्या बाबतीत सैल आहे, पण हललो. सुमनने वरून वाकून हात खाली सोडला आणि फोटो तिच्या हातात गेला. तिने तो गुडघ्यावर टेकवला आणि त्यावरून बोट फिरवायला लागली. दरवाजावर थांबलं, खिडकीवर थांबलं, खाली उंबऱ्याशी थांबलं.

“माय दिसून राह्यली,” ती वरून म्हणाली. मग ट्रक वळला.

पुणे

दोन्ही लेन्स मी दुकानात परत केल्या. कुठली घेणार, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा विचार करून सांगतो म्हणालो. ते त्याला दोन वर्षांत पाठ झालं होतं. घरी बायकोने एकच प्रश्न विचारला, नाव काय? मी मोजा टेबलावर ठेवला. तिने तो उलगडून पाहिला, वांग्याचं एक वाळलेलं देठ बाजूला काढलं आणि म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाहुण्यांसमोर सांगायला तिला नवी गोष्ट मिळाली.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. जानेवारीत एका सकाळी, पेशंटच्या तोंडात माझे हात असताना, मोबाइल वाजला. वसरामच्या नंबरावरून फोटो आला होता. सुमन उभी होती आणि तिने तो ट्रकवर दिलेला फोटो छातीशी दोन्ही हातांनी धरला होता. त्यातला निळा दरवाजा स्वच्छ दिसत होता, खिडकी दिसत होती, आत लागलेला दिवा दिसत होता, उंबऱ्यातली सोनाबाईसुद्धा दिसत होती. सुमनच्या मागे मात्र काहीच नव्हतं. नुसता पिवळट, तपकिरी मऊपणा होता आणि त्यात उन्हाचे दोन-चार गोल. असे सुंदर बोके मला दोन वर्षांत एकदाही जमले नव्हते.

खाली तिच्या आवाजातला निरोप होता. हात धुऊन तो ऐकला.

“सायेब, घर कोपीत लावलं. सारे पाहून गेले. हा फोटो मायले बी पाठोला. पन फोटोत मांगं कोपी येत होती ना, म्हून तिच्यावर बोके सोडले.”